तात्यांचा हिशेब आणि तुमचे तळे

मोहोळ तालुक्यातील एका वाचक भगिनीचे पत्र आले आहे. कुटुंबाची अडीच एकर जमीन असून ती बहुतेक काळी, खोल आहे. वरच्या अंगाला तेवढाच मोकळा माळ आहे आणि त्याचे पावसाळी पाणी त्यांच्या बांधावरून ओढ्याला जाते. पती सोलापुरात यंत्रमागावर कामाला आहेत. शेती या भगिनी आणि त्यांचे सासरे, ज्यांना घरात तात्या म्हणतात, असे दोघे पाहतात. विहीर भाऊकीत सामाईक आहे, पाणी पाळीने मिळते, आणि पाळी रात्रीच्या लाइटीत आली की दारे धरायला त्यांनाच जावे लागते. फेब्रुवारीनंतर विहीर तळ गाठते. आता कर्ज काढून तीस बाय तीस मीटरचे शेततळे आणि पाच एचपीचा सौर पंप घ्यावा, दोन एकरांवर बारमाही भाजीपाला करावा आणि जम बसला की पतीनेही नोकरी सोडून घरी यावे, असा त्यांचा बेत आहे. पावसाने तळे भरले नाही तर बोअर मारून भरा, असे गावात येणाऱ्या एका एजंटाने त्यांना सांगितले आहे. तात्या मात्र ‘पाणी पुरायचं नाही, ज्वारी मोडू नका’ यापलीकडे काही बोलत नाहीत. ‘जुन्या विचारांच्या सासऱ्यांना कसे समजवावे?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

सप्रेम नमस्कार.

मध्यरात्री एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात खोरे घेऊन तुम्ही रानात गेलात, तेव्हा सरीच्या तोंडाशी साप वेटोळे घालून बसलेला होता, आणि त्या रात्रीपासून ‘दिवसा पाणी देता यावे एवढेच मागणे उरले’, असे तुम्ही लिहिले आहे. हे मागणे पूर्णपणे रास्त आहे आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे त्यामुळे ते तसूभरही कमी होत नाही. बाई एकटी रात्री रानात जाते ही गोष्ट घरातल्या कोणीही गृहीत धरू नये. सौर पंपाचा तुम्हाला होणारा सर्वांत मोठा लाभ हाच असेल, म्हणून तो घ्यावा की नाही याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती तळ्याच्या मापाबद्दल, दोन एकरांबद्दल आणि ‘बारमाही’ या शब्दाबद्दल.

तात्यांना कसे समजवावे हे ठरवण्याआधी ते काय म्हणत आहेत ते आपण आकड्यांत मांडून पाहू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. सोलापूर जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साधारण ५४५ मिलिमीटर आणि तुमचे अडीच एकर म्हणजे जवळपास एक हेक्टर, दहा हजार चौरस मीटर. सरासरीच्या वर्षी तुमच्या रानावर सुमारे ५४ लाख लिटर पाणी पडते. ऐकायला हे फार वाटते, पण त्यातले बहुतेक जमीन पिते, काही उडून जाते, आणि वाहून तळ्यापर्यंत पोहोचण्याजोगे काळ्या रानातून दहा टक्के धरावे. माळाचा उतार आणि कठीण जमीन लक्षात घेता तिथून पंधरा टक्के मिळेल असे मानू. दोन्ही मिळून साधारण साडेतेरा लाख लिटर होतात, तेही पाऊस सरासरी गाठेल त्या वर्षी.

आता एजंटाने सुचवलेले तळे घ्या. तीस बाय तीस मीटर, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचे काठ, म्हणजे त्यात जवळपास २२ लाख लिटर पाणी मावते. तुमच्याकडे येणारे पाणी चांगल्या वर्षीही त्याच्या दोन तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे हे तळे आकाशाच्या भरवशावर भरणार नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेले आहे, आणि म्हणूनच त्याच्या पाठोपाठ बोअरचा सल्ला येतो. कर्ज तळ्याचे, मग तळ्यात अंथरायच्या प्लास्टिकच्या कागदाचे, मग बोअरचे, अशी ती साखळी आहे.

बोअरने तळे भरण्याची रीत डाळिंब आणि द्राक्षांच्या पट्ट्यात रुळली आहे, हे मला माहीत आहे. तरीही मी तुम्हाला ती सुचवणार नाही. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात पाणी असते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि फटींत. जितके खोल जावे तितके ते जुने, थोडे आणि पुन्हा न भरणारे. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानेही शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई केली आहे. शिवाय जमिनीखाली सावलीत सुरक्षित असलेले पाणी उपसून उघड्या तळ्यात उन्हाला ठेवायचे आणि एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या पृष्ठभागावरून रोज आठ-दहा मिलिमीटर वाफ होऊ द्यायची, हा व्यवहार मला कधीच पटला नाही. तीस बाय तीसच्या तळ्यावर दहा मिलिमीटर म्हणजे दिवसाला नऊ हजार लिटर. हे पाणी भाऊकीच्या त्याच विहिरीच्या तोंडचे असणार, आणि पाळीवरून आधीच कुरबुर असलेल्या घरांत त्याचे काय होईल ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगले जाणता.

तुमच्यासाठी वीस बाय वीस मीटरचे, तीन मीटर खोल तळे मला योग्य वाटते. त्यात पावणेनऊ लाख लिटर मावतात. सरासरीच्या पावसात ते भरेल आणि कमी पावसातही निदान कंबरेएवढे पाणी धरेल. आपल्या जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस सप्टेंबरात होतो, तेव्हा उत्तरा आणि हस्त बरसले की तळे भरलेले आणि रब्बीची हवा सुरू झालेली, असा मेळ बसतो. जमिनीचा लहान तुकडा अडेल, कागदही कमी लागेल.

या पाण्यावर भाजीपाला किती? हिवाळ्यात ठिबकवर वाढणाऱ्या भाजीला दिवसाला सरासरी चार मिलिमीटर पाणी धरले तर एका गुंठ्याला रोज चारशे लिटर लागतात, चार महिन्यांच्या पिकाला सुमारे ४८ हजार. तळ्यातून या काळात साधारण दोन लाख लिटर उडून जातील, आणि तळाचे लाखभर लिटर कागदाच्या रक्षणासाठी राखून ठेवावेत, कारण रिकाम्या तळ्यातला कागद उन्हाने आणि वाऱ्याने लवकर फाटतो. राहिलेल्या पाण्यात बारा गुंठे बसतात. दोन एकर म्हणजे ऐंशी गुंठे. तात्या ‘पुरायचं नाही’ म्हणतात तेव्हा त्यांच्याकडे हा कागदावरचा हिशेब नसेल, पण त्यांचे उत्तर बरोबर आहे.

बारा गुंठे ऐकून तुमचा हिरमोड होईल याची मला कल्पना आहे, कारण तो माझाही झाला होता. बार्शीकडच्या आमच्या शेतात पहिल्याच वर्षी तळे काठोकाठ भरलेले पाहून मी तीस गुंठे टोमॅटो लावला होता. हिशेब करायचे सुचलेच नाही, कारण तेवढे पाणी एका जागी मी आयुष्यात प्रथम पाहत होते. जानेवारी संपता संपता पाणी गुडघ्याला आले आणि झाडे हिरव्या फळांनी वाकलेली होती. मग मी निम्म्या ओळींचे कॉक बंद केले. त्या ओळींची पाने पहिल्या दोन दिवसांत दुपारपुरती मान टाकायची आणि संध्याकाळी सावरायची. तिसऱ्या दिवशी ती सावरली नाहीत. कोणती ओळ जगवायची हे बांधावर उभे राहून ठरवण्याची वेळ मी कोणावर येऊ देऊ इच्छित नाही.

त्यानंतर आम्ही तळ्यात मापाची पट्टी लावली. जाड पीव्हीसी पाइपवर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारून तो कागदाला इजा होणार नाही अशा बेताने वाळूच्या पोत्यांत उभा केला. दसऱ्याला ती रेघ वाचायची आणि मगच रोपवाटिकेत रोपे सांगायची, आधी नाही. तुमचे तळे पूर्ण भरले असेल तर बारा गुंठे लावा. दीड मीटरवर पाणी असेल तर निम्मे भरले असे समजू नका, कारण काठ तिरके असल्याने तेव्हा त्यात साडेतीन लाख लिटरच्या आसपासच पाणी असते. उडणारे आणि तळाचे वजा जाता तीन गुंठ्यांपेक्षा जास्त लावू नये. त्याहून कमी असेल तर त्या वर्षी भाजी घरापुरती करावी आणि तळ्याचे पाणी ज्वारीला पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी, द्यावे. २०२३ सारखे कमी पावसाचे वर्ष पुन्हा येणारच नाही असे आपल्या जिल्ह्यात कोणी म्हणू शकत नाही.

आता ज्वारीबद्दल, कारण तुमच्या पत्रात ती ‘जुनी’ आणि भाजी ‘नवी’ अशी मांडणी आहे आणि तिथे मी तुमच्याशी सहमत नाही. खोल काळ्या जमिनीचा एक मीटरचा थर पिकाला उपयोगी पडेल असे दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाणी धरून ठेवतो. तुमच्या एक हेक्टरात ते पंधरा ते वीस लाख लिटर भरते. म्हणजे तुम्ही बांधणार आहात त्या तळ्याच्या जवळपास दुप्पट पाणी तुमच्या पायाखाली आताच साठते, त्याला कागद लागत नाही, कुंपण लागत नाही, आणि तात्यांची ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पेरणीपासून तेच पिऊन उभी राहते. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले त्यामागे हीच जमीन आणि हीच ओल आहे. पावसाच्या पाण्यावरची शेती तुमच्या घरात आधीपासून चालू आहे. तुम्ही तिला जोड देत आहात. बारा गुंठे भाजी, तळे आणि त्याचा बांध सोडून उरलेल्या रानात ज्वारी, तिच्या कडब्यावर एखादी गाय किंवा दोन शेळ्या, आणि शेणखत पुन्हा भाजीच्या वाफ्यात, असे हे चक्र आहे.

पेरणीआधी ज्वारीच्या रानात पावसाळ्यात लहान लहान बंदिस्त वाफे पाडून पाणी जागेवर मुरवण्याची शिफारस सोलापूरच्या कोरडवाहू शेती संशोधन केंद्राने फार पूर्वीपासून केली आहे. ती जरूर पाळा. तळ्याकडे वाहणारे पाणी त्यामुळे घटेल हे खरे, पण रानात मुरलेले पाणी तळ्यातल्याइतके उडत नाही, आणि काळ्या रानाचे दहाच टक्के धरण्याचे कारण तेच होते.

पंपाकडे येऊ. कमी उंचीवर पाणी उचलायचे असेल तर तीन एचपीचा सौर पंप चांगल्या उन्हात दिवसाला लाखभर लिटर सहज उपसतो. तुमची रोजची गरज पाच हजार लिटरांच्या आत आहे. पंप मोकळा सोडला तर नऊ दिवसांत तळे रिकामे. ऊन फुकट असल्यामुळे पाणीही फुकट वाटू लागते, आणि हा मोह विजेच्या मोटरीपेक्षा मोठा आहे, कारण तिथे निदान लाइट जाते. पाच एचपीचा तर तुम्हाला काहीच उपयोग नाही. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ या २०२४ च्या योजनेतही अडीच एकरांपर्यंतच्या शेतकऱ्याला तीन एचपीचाच पंप मिळतो. सर्वसाधारण गटाला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना पाच टक्के भरावे लागतात, पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा असतो, आणि पाण्याचा स्रोत म्हणून शेततळे चालते. अर्ज महावितरणकडे करायचा. सातबाऱ्यावर इतरांची नावे असतील तर त्यांचे ना हरकत पत्र लागते, म्हणून ते काम आधी उरकून घ्या. शेततळे आणि ठिबकच्या अनुदानासाठी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा आणि पूर्वसंमती हातात येईपर्यंत खोदाई सुरू करू नका. आधी खोदून मागून अनुदान मिळत नाही.

उपशाला लगाम घालण्यासाठी मी एक साधी गोष्ट सुचवते. पाच हजार लिटरची टाकी जमिनीपासून दोन-अडीच मीटर उंच दगडी ओट्यावर बसवा, पंपाने तीच भरा आणि तिच्यातून ठिबक चालवा. भरलेल्या टाकीचे वजन पाच टन होते, तेव्हा ओटा अनुभवी गवंड्याकडूनच बांधून घ्यावा. याचे तीन फायदे आहेत. ढग आला की सौर पंपाचा दाब पडतो आणि शेवटच्या ड्रिपरला पाणी पोहोचत नाही, तो त्रास टाकीमुळे राहत नाही. टाकी सकाळी अकराला भरली तरी झाडांना पाणी चारला ऊन उतरल्यावर देता येते. आणि टाकी दिवसातून एकदाच भरायची हा नियम घरात ठरला की तोच तुमचा रोजचा शिधा होतो, ज्यावर घरातले लहान मूलही लक्ष ठेवू शकते. बारा गुंठ्यांचे रान साधारण पस्तीस मीटर लांब-रुंद असेल, तेवढ्या लांबीच्या नळ्यांना उंचावरच्या टाकीचा दाब चालतो. रान सपाट मात्र करून घ्यावे.

तळ्याच्या पाण्यात शेवाळ धरतेच, म्हणून सँड फिल्टर आणि त्यापुढे जाळीचा फिल्टर, दोन्ही हवेत. सँड फिल्टर पंप आणि टाकी यांच्यामध्ये बसवा, कारण त्याला दाब लागतो. नळ्यांची टोके आठवड्यातून एकदा उघडून पाणी सोडून द्या. पहिल्यांदा बाहेर येणारी हिरवी-काळी चिखलवणी पाहिली की हे काम तुम्ही परत चुकवणार नाही. वाफ्यांवर तुरीचे भुसकट किंवा उसाचे पाचट पसरलेत तर वर हिशेबात धरलेल्या पाण्यात आणखी बचत होते.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, कशाचीही सावली पडणार नाही अशा जागी असावेत, आणि २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने जे दाखवले ते ध्यानात घेता ओढ्यापासून दूर, चढावर असावेत. धूळ बसली की वीज घटते, म्हणून पंधरा दिवसांनी ते धुवावेत, पण भल्या सकाळी, काच थंड असताना. विहिरीच्या पाण्याने धुतले तर क्षारांचे पांढरे डाग राहतात. घराच्या पत्र्यावरचे पावसाचे पाणी एका टाकीत धरले तर ते याकामी उत्तम. शंभर चौरस मीटर पत्र्यावरून वर्षाला चाळीस हजार लिटर मिळू शकते, आणि रोपवाटिकेसाठीही याहून गोड पाणी मिळणार नाही.

एक गोष्ट मी हात जोडून सांगते. कागद घातलेल्या तळ्याचे काठ ओले झाले की काचेसारखे निसरडे होतात आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही. अशा तळ्यांत मुले गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. तळ्यात पाणी येण्याआधी कुंपण झाले पाहिजे, फाटकाला कुलूप पाहिजे आणि चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर पाण्यात सोडलेले पाहिजेत. पैसे कमी पडले तर ठिबक एक वर्ष पुढे ढकला, कुंपण नाही.

पतींच्या नोकरीबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बारा गुंठ्यांवर दोघांचे पोट चालवण्याचा भार टाकू नका. निदान दोन हंगाम त्यांचा पगार चालू राहू द्या, म्हणजे टोमॅटोचा भाव पडलेल्या आठवड्यातही हप्ता थकणार नाही. शिवाय ते रोज शहरात जातात हीच तुमची बाजारपेठ आहे. मेथी, शेपू, कोथिंबीर, गवार, वांगी यांचा मिश्र माल थोडा थोडा निघतो, तो बाजार समितीत एकाच भावात घालवण्यापेक्षा कारखान्यातल्या वीस-पंचवीस घरांना आठवड्याच्या पिशव्या ठरवून देता येतात का, ते याच पावसाळ्यात विचारून पाहा. बांधावर पाच-सहा शेवगे लावा, ते पाणी मागत नाहीत. मार्चनंतर रान मोकळे ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात भाजी पिकवायला हिवाळ्याच्या दुप्पट पाणी लागते, आणि ते तुमच्याजवळ नसेल.

तात्यांशी बोलण्याचे म्हणाल तर त्यांना समजवायला जाऊ नका, विचारायला जा. माळावरचे पाणी बांधाला कुठे येऊन मिळते, कोणत्या पावसात ते ओढ्यापर्यंत धावते, रानाचा कोणता कोपरा चार हात खणला की मुरूम लागतो, ही माहिती कोणत्याही एजंटाकडे नाही. मृगाचा पहिला मोठा पाऊस पडून गेला की त्यांच्यासोबत बांधावरून एक फेरी मारा, चार खुंट्या बरोबर ठेवा, आणि तळे कुठे घ्यायचे ती जागा त्यांनाच आखायला सांगा. पाणी आत शिरते त्या तोंडाशी गाळ बसायला दोन मीटर लांब-रुंद आणि मीटरभर खोल खड्डा लागेल. त्याचीही खुंटी त्याच वेळी ठोकून घ्या.